बाविसावं नाव

बदनापूर स्टेशनसमोरच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये गुरुवारी मुंगीला शिरायला वाव नसे. राधेश्याम महाराज, म्हणजे गेल्या सालापर्यंतचे राधेश्याम सर, चाकाच्या खुर्चीवर मांडी घालून बसत.

"मशीनला मी सांगून ठेवलंय, थांबायचं न्हाई. आजाऱ्याचं नाव घेतं, मंत्राची ओळ म्हणतं, पुढचं नाव घेतं. अन् एका नावावर आपोआप गप. एरर न्हाई, काही न्हाई. असं थांबणं पुस्तकात बिलकुल लिहेलं न्हाई. मंग थांबवतं कोण?"

लोक हात जोडत. ज्याच्या नावावर मशीन थांबलं, त्याचा रोग थांबला. औषध दाराजवळच्या ड्रममध्ये टाकायचं.

आज सोनूबाई नातीला घेऊन आली होती. शालूला साखरेचा आजार, दोन वेळा इन्सुलिन. महाराजांनी मायेनं तिचं नाव यादीत बाविसावं ठेवलं. सोनूबाईनं इन्सुलिनचा थर्मास आधीच उघडून धरला होता.

तिची शेजारीण सुमेधा कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. मागचे तीन गुरुवार ती इथं मशीननं घेतलेली नावं बोटांवर मोजत बसली होती. ती कीबोर्डवर नावं टाकणाऱ्या धर्मराजला म्हणाली, "भाऊ, शालूच्या आधी तुमच्या आईचं नाव टाका."

मागच्या महिन्यात मशीन त्याच्या आईवर, गिरिजाबाईंवर थांबलं होतं. धर्मराजनं आईच्या बीपीच्या गोळ्या स्वतः ड्रममध्ये टाकल्या. अकराव्या दिवशी ती गेली. श्रद्धा कमी पडली, असं महाराज म्हणाले होते.

"मेलेल्याचं नाव चालत न्हाई," महाराज म्हणाले.

"देवाला चालंल की," म्हणत धर्मराजनं टाइप केलंसुद्धा.

एकवीस नावं, एकवीस ओळी. मग "गिरिजाबाई". मशीन गप.

"बरी झाली का रे तुझी माय?" मागून कोणी विचारलं. हसलं कोणी नाही.

"मंत्राच्या फाइलीत ओळी एकवीसच आहेत," सुमेधा म्हणाली. "बाविसावी मागितली की आतून 'संपलं' असा इशारा येतो. या भाषेतला लूप, म्हणजे तेच तेच फिरवणारी आज्ञा, तो इशारा गिळून निमूट बाहेर पडतो. पुस्तकात हे लिहायचं राहिलं, एवढंच. एक ओळ पुसा."

धर्मराजनं पुसली. या वेळी मशीन एकविसाव्या नावावर थांबलं.

सोनूबाईनं थर्मासचं झाकण घट्ट लावलं. महाराज खुर्चीवरून पाय खाली सोडून चपला शोधू लागले.

"मंग मॅडम," ड्रमकडे बघत धर्मराज म्हणाला, "गोळ्या चालू असत्या तर माय..."

"बहुतेक जगल्या असत्या."

सुमेधाला खोटं बोलता आलं असतं. पण दिलासा म्हणून खोटं बोलणारा त्या खोलीत आधीच एक होता. चमत्कार दिसला, तर हात जोडण्याआधी एक ओळ पुसून बघावी.