ती म्हनस

चार स्क्रूंपैकी तीनच जागेवर होते. चौथ्याच्या भोकात कोणीतरी कधीतरी आगकाडी खोचून ठेवली होती. कामिनीने ती उपटली, पेटीचा बाजूचा पत्रा सरकवून भिंतीला टेकवला आणि आत जे होतं ते मोजलं. मेमरीच्या पट्ट्या दोन, प्रत्येकी पाचशे बारा एमबीच्या. हार्डडिस्क एक, ऐंशी जीबीची. पंखे दोन; बोटाने ढकलल्यावर एक सहज फिरला, दुसरा अडखळत. कुंभारमाशीची मातीची घरटी तीन, तिन्ही रिकामी. पालीच्या अंड्यांची टरफलं दोन. उरली ती धूळ. ती मोजता येण्यासारखी नव्हती, म्हणून तिने ती रंगाच्या ब्रशने कागदावर झाडून घेतली आणि खिडकीच्या गजांतून बाहेर सोडली. खाली केळीचा मळा होता.

"मेमरी एक जीबी आहे," ती म्हणाली. "प्रोसेसर ठीक आहे. जुनी सिस्टीम त्याला जड होतेय."

तिची सासू मंगलाबाई सूप घेऊन दादर ज्वारी निवडत जमिनीवर बसली होती. तिने मान वर केली नाही.

"म्हंजे बैल बरा शे, गाडा जास्त भरेल शे."

"हो. तसंच."

"मंग तसं सांग ना, माय."

कामिनी हसली. घरात ती सगळ्यांसारखीच अहिराणी बोलायची. खांडबाऱ्याला माहेरीही तीच बोली होती. पण जे पुस्तकातून शिकली होती ते तिच्या तोंडून शाळेच्या मराठीतच बाहेर पडायचं. फिजिक्स तिला अहिराणीत कोणी शिकवलं नव्हतं.

संगणक बारा वर्षांपूर्वीचा होता. तिचे सासरे रतिलाल नाना गावच्या उपसा सिंचन सोसायटीचे चेअरमन झाले तेव्हा त्यांनी तो शहाद्याहून आणला होता. पुढे तो सुरू व्हायला इतका वेळ घेऊ लागला की कोणी त्याच्या वाटेला जाईना. तेव्हापासून तो वरच्या खोलीत, आरशाच्या कपाटासमोर, जुन्या साडीखाली झाकलेला होता.

लोणखेड्याहून फोन आला नसता तर साडी तशीच राहिली असती. नवनीत सरांनी कामिनीला पदवीला शिकवलं होतं. आता ते लोणखेड्याच्या एका कॉलेजात संगणकाची प्रयोगशाळा पाहत होते. तिथली चौदा जुनी मशीनं भंगारात निघणार होती. लिनक्सची एखादी हलकी आवृत्ती टाकली तर अशी मशीनं चालतात, हे तिनेच त्यांना पूर्वी एकदा करून दाखवलं होतं. "मग येऊन चालव," ते म्हणाले. "सहायकाची जागा रिकामी आहे. रविवारी संध्याकाळपर्यंत कळव. सोमवारी भंगारवाला येतोय."

तिच्या नवऱ्याने, हेमराजने, हा निरोप नानांपर्यंत पोचवला आणि त्यांची अट घेऊन तो परत आला. आधी घरातला डबा चालू करून दाखव, मग लोणखेड्याचं पाहू. आणि त्यातलं जुनं काही पुसायचं नाही, सोसायटीचं सगळं त्यात आहे.

जिन्यात खोकला वाजला.

कामिनीने पदर कपाळावर ओढला, खुर्चीतून उठली आणि कपाट व भिंत यांच्या मधल्या जागेत जाऊन पाठमोरी उभी राहिली. तिच्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं. या दीड वर्षात ती नानांशी एक शब्द थेट बोलली नव्हती, तेही तिच्याशी बोलले नव्हते. राग नव्हता, घराची रीत होती. काही सांगायचं झालं तर मध्ये मंगलाबाई लागायची. माणसं एकाच खोलीत असली तरीसुद्धा.

"हेमराजनी माय," नाना दारात उभे राहून म्हणाले, "इचार तिले, व्हई का काही?"

"नानास्नी इचारं, व्हई का काही," मंगलाबाई कपाटाकडे पाहून म्हणाली.

"जुन्या डिस्कला हात न लावता करता येईल," कामिनी भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "नवीन सिस्टीम माझ्या पेनड्राइव्हवर टाकते. मशीन त्यावरून सुरू करायचं."

"ती म्हनस, जुनं घर तसंच ऱ्हाई. ती आपला तंबू संगे ली उनी शे, त्यामा ऱ्हाई."

नाना हुंकारले. "तंबू पडाले नको, म्हना."

"तंबू पडाले नको," मंगलाबाई म्हणाली, आणि नाना खाली उतरेपर्यंत सूप हातात धरून थांबली. मग ते पाखडत म्हणाली, "तुले आते हसू येत व्हई. मन्ही सासू मधमा बठे तव्हय काय व्हये, माहीत शे? मी म्हनू, माले माहेरले जानं शे. ती मामंजीस्ले सांगे, तिनं काही काम नही माहेरले."

"मामंजीस्ले आयकू नही ये?"

"खोली केवढी व्हती! बठ्ठं आयकू ये, एकेक शब्द." तिने खडा बोटाने बाजूला काढला. "पन रीत म्हंजे रीत. मधलानी सांगं तेच तेस्नी आयकं."

कामिनीने आधी जुनी सिस्टीम तपासली. बटण दाबल्यापासून हार्डडिस्कची घरघर थांबून पडदा हातात येईपर्यंतचा वेळ तिने फोनवर मोजला. एका मापावर तिचा विश्वास नसे, म्हणून तीनदा मोजला. तिन्ही वेळा अकरा मिनिटांच्या वर गेला. मग माहेराहून आणलेला निळा पेनड्राइव्ह तिने ट्रंकेतून काढला. सिस्टीम फोनवरच उतरवली आणि जोडवायरीने पेनड्राइव्हवर चढवली. दुसऱ्या दिवशी दुपारी तो पेटीच्या मागच्या खाचेत लावून बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर वर सरकल्या, पडदा क्षणभर विझला आणि त्यावर शांत करडा रंग पसरला. एक्कावन्न सेकंद. तिने बंद करून पुन्हा सुरू केलं. पुन्हा एक्कावन्न.

"आई!" ती इतक्या मोठ्याने ओरडली की मंगलाबाई पिठाचे हात घेऊन वर आली.

संध्याकाळी नाना स्वतः खुर्चीत बसले. बटणही त्यांनीच दाबलं. कामिनी कपाटाजवळच्या जागेत उभी होती. तिथून पडदा तिला फक्त कपाटाच्या उघड्या दारावरच्या आरशात दिसत होता, उजवीकडचं डावीकडे, अक्षरं उलटी. करडा रंग उजळला तेव्हा बायकोकडे वळलेला नानांचा चेहराही आरशात उजळला.

"हाई तं टीव्हीना मायक चालू व्हयनं!" ते म्हणाले. माउस हलवून त्यांनी एक खिडकी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. खूप दिवसांनी त्यांना असं हसताना तिने पाहिलं, तेही आरशात. "हेमराजनी माय, तिले सांग, हुशार शे."

"नाना म्हनतस, हुशार शे."

कामिनी वाट पाहत राहिली.

"आते लोणखेडाले कसाले जानं?" नाना म्हणाले. आवाजात कपट नव्हतं. त्यांना खरंच तसं वाटत होतं. "ज्या कामनी करता जानं व्हतं ते कामच घरमा उनं. सोसायटीनं बठ्ठं ती आठेच बसीसन करी. ना बस, ना धूळ. सांग तिले."

मंगलाबाईने हात पदराला पुसले. सांगायची गरज नव्हती, तरी तिने सांगितलं, शब्दाला शब्द. कामिनीने आरशातून नजर काढली. समोर भिंतीचा रंग गेलेला एक हातभर तुकडा होता. तो तिने वरपासून खालपर्यंत पाहिला. एक्कावन्नऐवजी मशीन सुरूच झालं नसतं तर नाना म्हणाले असते, घरातला डबा चालत नाही आणि निघाली लोणखेड्याला. प्रयोगाला दोन उत्तरं होती आणि दोन्हींचा निष्कर्ष एकच होता.

नाना गेल्यावर तिने पत्रा बसवला, तीन स्क्रू पिळले आणि चौथ्या भोकात आगकाडी परत खोचली.

"मी काय सांगू नानाले?" हेमराज जेवताना खालच्या आवाजात म्हणाला. केळीची गाडी भरून तो नुकताच आला होता. हाताला चिकाचे काळे डाग होते. "तेस्नी चौकमा बठ्ठास्ले सांगी दिन्हं, सोसायटीनं ऑफिस आते आमना घरमा. मीच तेस्ना समोर आजलोंग मान वर नही करी, तुन्ही करता कशी करू?"

"मन्ही करता नको करू," कामिनी म्हणाली. "एकदा करीसन तं देख."

तो ताटाकडे पाहून हसला. मग हसायचा थांबला आणि हात धुवायला उठला.

शनिवारी नानांनी सोसायटीचे कागद वर पाठवले. कामिनी दिवसभर मीटरचे आकडे भरत बसली. मशीन कुठेही अडकलं नाही. चहा वर आला, जेवण वर आलं. संध्याकाळी तिच्या लक्षात आलं की आपण सकाळपासून खाली उतरलोच नाही, आणि कोणी हाकही मारली नाही. खिडकीच्या गजांतून केळीची पानं दिसत होती, त्यांच्यापलीकडे शहाद्याच्या रस्त्यावरून गेलेल्या बसचा फक्त आवाज.

रविवारी दुपारी तिने मशीन रीतसर बंद केलं. पंखा थांबला. ती पेटीच्या मागे वाकली आणि पेनड्राइव्ह काढून घेतला. तो अजून कोमट होता.

मंगलाबाई सूप घेऊन नेहमीच्या जागी बसली होती. तिने पाहिलं. कामिनीनेही ती पाहतेय हे पाहिलं, आणि मूठ मिटली नाही.

"इतलामा बठ्ठं शे?" मंगलाबाईने विचारलं.

"हो."

"जुनं काही पुसं का?"

"नाही. नाना म्हणाले होते तसंच आहे. एक अक्षर इकडचं तिकडे नाही."

मंगलाबाईने तळहात पुढे केला. कामिनीने पेनड्राइव्ह त्यावर ठेवला. म्हातारीने तो उलटा केला, सुलटा केला, अंगठ्याने चाचपला आणि परत दिला.

"ऊन शे अजून," ती म्हणाली.

जिन्यात खोकला वाजला.

कामिनी कपाटाच्या कडेला गेली. नाना आले, खुर्चीत बसले. हातात सोसायटीच्या पावत्यांचा गठ्ठा होता. त्यांनी बटण दाबलं आणि पाठ मागे टेकली. कामिनीच्या अंगठ्याने सवयीने फोनवरचं घड्याळ सुरू केलं. हार्डडिस्क घरघरली. पडद्यावर जुन्या सिस्टीमचं चिन्ह आलं आणि तिथेच थांबलं. एक मिनिट गेलं. दोन गेली.

"हेमराजनी माय, काय व्हयनं? इचार तिले."

"नाना इचारतस, काय व्हयनं?"

आरशात नानांची पाठ दिसत होती, आणि तिच्यापलीकडे उलटं, न हलणारं चिन्ह. या खोलीत मशीनबद्दल कामिनी आजवर शाळेच्या मराठीतच बोलली होती. या वेळी तिने तसं केलं नाही.

"पेनड्राइव्ह मी काढी लिन्हा," ती म्हणाली. आवाज नेहमीपेक्षा थोडा मोठा होता. "तो मन्हा शे. मशीन मी बिघाडं नही, जसं व्हतं तसं शे. पेनड्राइव्ह मी उद्या लोणखेडाले ली जासू. तठे चौदा मशीन शेतस."

यात सोपं करून सांगण्यासारखं काही नव्हतं. नाना खुर्चीत वळले नाहीत, पण त्यांची मान ताठ झाली. सुपातले दाणेही थांबले.

नाना वाट पाहत होते.

मंगलाबाईने एक खडा उचलला, उजेडात धरून पाहिला आणि बाजूला टाकला.

"ती म्हनस," ती म्हणाली, "मशीन जुनं शे. टाईम लागी."

नानांनी बायकोकडे पाहिलं. तिने सूप पाखडायला घेतलं होतं. तिच्याकडून आणखी काही येणार नव्हतं. त्यांचे ओठ हलले. कपाटाच्या दिशेने त्यांनी मान अर्धी वळवली आणि तिथेच थांबवली, कारण त्यापुढे वळली असती तर सून दिसली असती. मग मान हळूहळू परत पडद्याकडे गेली. पावत्यांचा गठ्ठा त्यांनी मांडीवरून टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर.

उठून जाता आलं असतं, पण ते उठले नाहीत. पडद्यावर निळा रंग आला, त्यावर एकेक चित्र उगवू लागलं, मध्येच अडू लागलं. रस्त्यावरून एक बस गेली. तिचा आवाज पूर्ण विरल्यावर नाना म्हणाले,

"तठे चौदाच्या चौदा बंद शेतस का, इचार."

सूप एक क्षण हवेत राहिलं. लोणखेड्याचा एक शब्दही मंगलाबाईने आत्ता त्यांना सांगितला नव्हता.

"नाना इचारतस, चौदाच्या चौदा बंद शेतस का?"

"बठ्ठा," कामिनी म्हणाली.

"ती म्हनस, बठ्ठा."

नानांनी मान हलवली. पडद्यावरचं शेवटचं चित्र जागेवर आलं, डिस्कची घरघर थांबली. कामिनीने अंगठा टेकवून घड्याळ थांबवलं. अकरा मिनिटं, अठरा सेकंद.