ढिला राहिलेला नट

"साहेब, वाकून बघा तरी. खूण सरकलेली हाय," गोमा म्हणाला.

हायड्रॉलिक प्रेसच्या तडकलेल्या नटावर लाल नेलपॉलिशची रेघ होती. नट आवळून झाला की गोमा नट आणि पाइप यांच्यावर मिळून अशी एक रेघ ओढायचा. पुढे कुणी नट हलवला, तर रेघ तुटायची. बोईसरच्या या कारखान्यात बावीस वर्षं तो कंत्राटी फिटर होता आणि त्या रेघेइतका अभिमान त्याला दुसऱ्या कशाचाच नव्हता. आज नटावरची रेघ एकीकडे होती, पाइपवरची दुसरीकडे. आंधळ्यालाही दिसलं असतं. भाग्येश साहेबांना दिसलं नाही.

दिसणार कसं? काल सकाळी तिथे ऑइल पाझरायला लागलं तेव्हा गोमा कळवळून सांगत होता, "प्रेस बंद करा, प्रेशर उतरवा. खोलून बघू. आनखी आवळला तर तडकंल." साहेबांना माल संध्याकाळच्या आत पाठवायचा होता. त्यांनी जोर यावा म्हणून पान्याच्या दांड्यावर लांब पाइप चढवला आणि चालू मशीनवर स्वतःच नट आवळला. थेंब थांबला. "शिक जरा," असं वर गोमालाच ऐकवलं. दुपारी नट तडकला आणि गरम ऑइलची चिळकांडी प्रेस चालवणाऱ्या पुंजारामच्या डोळ्यांत गेली.

गेटपाशी पुंजारामची बायको प्रेमला गोमाची वाट बघत उभी होती.

"दादा, साहेब बोलले, तुमी चूक कबूल केली तर मुंबईच्या दवाखान्यात आजच नेतील. नायतर चौकशी संपंपरेंत काय नाय. डॉक्टर बोलतो, एक डोळा अजून वाचंल."

गोमाच्या अंगाचा नुसता जाळ झाला. पण हिच्यावर कसा ओरडणार? तो मुकाट्याने ऑफिसात गेला. 'नट माझ्याकडून ढिला राहिला' असा कागद तयारच होता. त्याने सही केली.

"कामावरून काढत नाही हां तुला," साहेब म्हणाले. केवढं ते मोठं मन!

संध्याकाळी मासवणला घरी तो शेगडीची नवी नळी बसवत होता. आयटीआयला फिटरचं शिकणारी त्याची दीपिका दारातूनच म्हणाली, "बाबा, रिक्षात लोकं बोलत होती, तू नट ढिला ठेवला. खोटं हाय ना?"

खरं त्याच्या अगदी ओठावर आलं. पण ही पोरगी सकाळी गेटवर जाऊन भांडली असती, आणि मुंबईला नेलेल्या पुंजारामच्या डोळ्यांवरची पट्टी अजून सुटायची होती.

"खरं हाय. राह्यला ढिला," तो म्हणाला.

गोमाने नळीवरची क्लिप नीट आवळली आणि तो हात धुवायला मागे गेला.

परत आला तेव्हा दीपिका स्क्रू-ड्रायव्हर घेऊन शेगडीपाशी वाकली होती आणि त्याने आवळलेली क्लिप पुन्हा तपासून बघत होती.