काळोखाचं तारू

भाऊजींनी पलंगाखालची सहा खोकी ओढून दाराशी एकावर एक रचली, तेव्हा वहिनींच्या लक्षात आलं की या खेपेला माणूस थट्टा करत नाहीये.

"रविवारी पाच वाजता प्लास्टिकवाला येतोय," ते हात झटकत म्हणाले. "दळून बादल्या करतात म्हणे. बरं झालं. कुणाच्या तरी उपयोगी पडेल."

वहिनी त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. भाऊजींशी बोलायचं तर असंच, तोंडासमोर तोंड ठेवून; कारण तीस वर्षं झाली, त्यांना ऐकू येत नव्हतं. ते ओठ वाचत, आणि वहिनींचे ओठ त्यांना सगळ्यात आधी कळत. थोरला भाऊ जाऊन बारा वर्षं झाली, तरी दीर-भावजयीचं भांडण एक दिवस चुकलं नव्हतं.

"सगळ्या देणार? एखादी तरी ठेवा."

"आहे की एक. तुमच्या शिवणयंत्राच्या डगमगत्या पायाखाली."

वहिनींनी जीभ चावली. खरंच होती.

खोक्यांत 'काळोखाचं तारू' होतं. दोन रेकॉर्डींचा अल्बम आणि त्यात एकच गोष्ट, ताऱ्यांमधून पिढ्यान् पिढ्या चाललेल्या जहाजाची. प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणतात त्या जातीचं संगीत. विजेच्या गिटारी गरजतात, ड्रम कोसळतात आणि जरा कुठे मान डोलवावी तर ताल बदलतो. शब्द, गिटार आणि गळा भाऊजींचा; समूहाचे गळेसुद्धा त्यांचेच, थरावर थर चढवलेले. ड्रम एका लोहार दोस्ताचे, आणि तो आपला भाग वाजवून बोटीवरच्या नोकरीला गेला तो गेलाच. रेकॉर्डी छापायला टाकल्या त्याच महिन्यात भाऊजी तापाने आडवे झाले. ताप उतरला, पण जाताना दोन्ही कान घेऊन गेला. छापून आलेला माल त्यांनी डोळ्यांनी तपासला. कानांनी तपासायला कान कुठे होते? वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या. 'कानठळ्या बसतात. गोष्टीला शेंडा ना बुडखा.' पुढे कुणी नाव काढलं नाही. भाऊजी बाहेरच्या खोलीत चष्म्याच्या काचा घासायला बसले, ते आजतागायत.

वहिनींची लेक वाचनालयाच्या ध्वनिविभागात होती. प्लास्टिकवाल्याची बातमी ऐकून ती रविवारी जेवणाच्या वेळेलाच प्लेअर काखेत मारून हजर झाली.

"वाचनालयात एक जोडी तरी ठेवून घेते म्हटलं, तर नोंदपत्रात गोष्टीचा रकाना भरावा लागतो. चारदा ऐकलं, आई. गोष्ट हाताला लागत नाही. काका म्हणतात, रकाना कोरा ठेव, तेच खरं. कोरा ठेवला तर साहेब परत पाठवतील."

"मग मी काय करू त्यात?"

"ऐक माझ्याबरोबर. गाऊन सांगितलेल्या गोष्टी तुझ्याइतक्या ऐकल्यात कुणी?"

"अगं, त्या कुठे आणि हे डबे आपटणं कुठे!"

पण लेकीचं खोटं नव्हतं. वहिनींचा आठवडा प्रार्थनाघरातल्या निरूपणावर उभा असे. पाय दुखोत, डोकं दुखो, पुढच्या रांगेतली त्यांची जागा कधी रिकामी राहिली नाही. निरूपणकार आधी एक ओळ गाऊन समोर ठेवायचा. तिचा अर्थ उकलायचा. मग ती तिथेच सोडून एखादी लांबलचक गोष्ट सांगत सुटायचा, इतकी की ओळ माणसं विसरून जात. आणि गोष्ट टोकाला पोचली की हळूच ती ओळ परत यायची. शब्द तेच, पण आता डोळ्यांत पाणी. देव कुठे भेटत असेल तर त्या परतण्यात, असं वहिनींना मनोमन वाटे.

"लाव," त्या म्हणाल्या. "पण आवाज बेताचा."

कव्हरवर गाण्यांची नावं नव्हती. काळ्या रंगावर चार वर्तुळं आणि त्यांत चार आकडे. लेकीने बाजू एक लावली.

पहिल्याच क्षणी वहिनी खुर्चीत मागे रेलल्या. शंभर गळे एकदम उसळून म्हणत होते, 'मी जागी आहे, मी जागी आहे.' मागे गिटारींची भिंत. मग कुणीतरी घशातून गुरगुरलं.

"हा राक्षस कोण?"

"राक्षस नाही, जहाजाचं इंजिन."

"इंजिनाला पडसं झालंय वाटतं."

वहिनी सवयीने मांडीवर टाळी धरायला गेल्या, तर टाळी दर वेळी हुकायची. तीनदा हुकल्यावर त्यांनी मोजलं. सात. आठवा ठोका येतच नव्हता, जणू पायरी चढायला पाय उचलावा आणि पायरीच नसावी. एकदा सात धरले तशी टाळी बरोबर बसू लागली, आणि त्या आपोआप पुढे सरकून बसल्या. दुसरी बाजू ऐकली. ती संपता संपता आवाज अचानक थांबला आणि बराच वेळ नुसतीच शांतता. "बिघडलं का?" म्हणेपर्यंत बाजू संपली. तिसरी ऐकली. मग चौथी लागली, आणि तिच्या आरंभी एकच गिटार, एकच तार, आणि तरुणपणीच्या भाऊजींचा कोवळा, सरळ आवाज:

'दिवे विझले, दारं मिटली,
कोण जागं आहे?'

वहिनींच्या अंगावर सर्रकन काटा आला. हा आवाज या घरात त्यांनी नवी नवरी असताना ऐकला होता आणि पार विसरल्या होत्या. पण काटा काही तेवढ्यानेच आला नव्हता.

"थांबव," त्या म्हणाल्या. "अगं, ही ओळ मघापासून गर्दीत ऐकू येतेय, पण अशी पहिल्यांदा मांडल्यासारखी आता कशी येते? उत्तर मघाशीच देऊन झालं ना? मी जागी आहे, मी जागी आहे, म्हणून घसा फोडला की सगळ्यांनी. आधी प्रश्न ठेवतात, मग गोष्ट, मग उत्तर. हे म्हणजे आधी कळस, मग पाया!"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? ऊठ. काकांना विचारू."

भाऊजी घासचाकापाशी पाठ करून बसले होते. वहिनींनी चाक बंद केलं आणि रेकॉर्ड त्यांच्या नाकासमोर धरली.

"ही गोष्ट सुरू कुठून होते?"

"चारापासून," भाऊजी म्हणाले.

"चारापासून का?"

"अहो वहिनी, यान सुटताना कसं मोजतात? चार, तीन, दोन, एक. जहाजाची गोष्ट आहे. उघड आहे ना?"

"उघड!" वहिनींचे हात वर गेले. "कव्हरवर लिहिलंत कुठे?"

"सगळंच लिहायचं तर गंमत काय राहिली?"

"भाऊजी, माणसं एकापासून मोजतात हो. साऱ्या जगाने तुमचं जहाज उलटं चालवलं. माझ्या लेकीनेसुद्धा."

लेक दारात उभी होती. तिने कानाला हात लावला.

हातातली काच भाऊजींनी फडक्यावर ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. तीस वर्षं त्यांनी त्या दोन ओळींवर विश्वास ठेवला होता. शेंडा ना बुडखा.

"मग... सरळ ऐकलं तर बुडखा आहे?" त्यांनी विचारलं. एवढ्या हळू की वहिनींना जवळ वाकावं लागलं; एरवी स्वतःच्या आवाजाचा अंदाज नसल्याने ते मोठ्यानेच बोलत.

"ऐकते आणि सांगते," त्या म्हणाल्या. "खोटं नाही सांगणार."

चार वाजायला आले होते. बाजू चार पुन्हा पहिल्यापासून लागली.

आता ते तारू खरोखर निघालं. सगळी माणसं निजलेली, आणि दर पिढीत एकट्याने जागून दिवा राखायचा. बाहेरून कुणीतरी विचारतं, कोण जागं आहे? पहिला राखणदार म्हणतो, इंजिनाचा आवाज असेल. दुसरा म्हणतो, भास असेल. तिसरी बाजू संपेपर्यंत असे सहा राखणदार येऊन गेले. दर वेळी तीच ओळ, दर वेळी गिटार जरा जास्त खोल, आणि दर वेळी कूस बदलून निजणारा माणूस. वहिनींना आपलंच आयुष्य आठवलं. पलीकडच्या खोलीत कुणी इतकी वर्षं विचारत होतं, आणि त्या मात्र देव शोधायला चार रस्ते ओलांडून जात होत्या.

दुसऱ्या बाजूला सातवी राखणदार आली, एक मुलगी. ताल साताचा झाला. दिव्याचं तेल संपत आलेलं. ती झडप उघडते, आणि गिटारी अशा काही पसरल्या की खोलीला भिंती उरल्या नाहीत. काळोख रिकामा नव्हता. तो भरलेला होता, काठोकाठ, आणि आपल्याकडे पाहत होता. "देवा रे," वहिनी पुटपुटल्या, आणि ती नुसती तोंडची सवय नव्हती.

तेवढ्यात दाराच्या घंटेला जोडलेला दिवा उघडझाप करू लागला. भाऊजींनी दार उघडलं. प्लास्टिकवाला होता, मानेवर पोतं टाकलेला, घामाघूम.

"हीच का खोकी?"

"बसा आधी," वहिनी आतून म्हणाल्या. "जहाज अजून पोचलं नाही."

"बाई, मला अजून तीन घरं आहेत."

"घरं कुठे पळून जाताहेत?"

तो बिचारा आतल्या खोलीच्या चौकटीला टेकला. भाऊजी त्याच्यामागून आत आले आणि प्लेअरपाशी उभे राहिले. सुई कुठवर आली हे त्यांना दिसत होतं. रेकॉर्डवर आवाज असतो तिथे खाचा मंद दिसतात. जिथे काही नसतं तिथे एक गुळगुळीत, चकाकता पट्टा असतो, आणि काचेवरचा केसाएवढा ओरखडा ओळखणारे ते डोळे होते. गोष्टीत त्या मुलीने शेवटी नीट कान दिला. तिला विचारलं गेलं, कोण जागं आहे?

सुई चकाकत्या पट्ट्यात शिरली.

भाऊजी रेकॉर्डकडे पाहत नव्हते. ते माणसांकडे पाहत होते. लेक पेन हातात धरून थिजली होती. वहिनींची टाळी हवेत राहिली होती. प्लास्टिकवाल्याने घाम पुसायला उचललेलं पोत्याचं टोक गालापाशीच थांबलं होतं. भाऊजींचे ओठ हलत होते, त्यांनीच मुद्दाम ठेवलेल्या शांततेचे ठोके आवाज न करता मोजत होते. अकरा मोजून झाले. कुणी सुई उचलली नाही. कुणी खाकरलंसुद्धा नाही.

सुई आपोआप वर उचलली गेली.

"मग?" प्लास्टिकवाला म्हणाला. "उत्तर देते की नाही पोरगी?"

भाऊजींनी त्याचे ओठ पाहिले. वहिनींकडे वळून विचारलं, "काय म्हणाला?" त्यांना कळलं नव्हतं असं नाही. त्यांना ते पुन्हा पाहायचं होतं.

वहिनी उठून त्यांच्यासमोर आल्या आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "विचारतोय, पुढे काय होतं."

भाऊजींनी मान डोलावली. एकदा, दोनदा, मग डोलवतच राहिले. बाहेर जाऊन काचेवर खुणा करायची मेणाची पेन्सिल घेऊन आले, आणि कव्हरवरच्या चारच्या आकड्यापाशी एक जाडजूड बाण काढला. वर लिहिलं, 'इथून.'

"आता सुचलं!" वहिनी डोळे पुसत म्हणाल्या.

"खोक्यांत दीडशे कव्हरं आहेत," भाऊजी म्हणाले. "पेन्सिल पुरायची नाही. तुमच्या शिवणयंत्राखालचंही काढा." मग प्लास्टिकवाल्याकडे वळले. "बसा हो. पुढचं ऐकून जा."

त्याने पोतं खाली अंथरलं आणि त्यावर मांडी घातली.

रेकॉर्ड भाऊजींनी स्वतः उलटली. बाजू एक. फुंकर मारून धूळ उडवली, तीस वर्षांत पहिल्यांदा सुई स्वतःच्या हाताने ठेवली आणि वहिनींसमोर खुर्ची ओढून बसले, त्यांच्या ओठांवर नजर लावून.

शंभर गळे उसळले. वहिनींनी टाळी धरली, साताची, आणि पुढची ओळ येईल तशी त्यांना सांगू लागल्या.