केबिनमधला उन्हाळा

लखनौमध्ये मे महिन्यात उकडतं, हे कळावं म्हणून सरकारने एक फार हुशार यंत्र आणलं होतं. ते ज्या कार्यालयात आलं, तिथे अभिजित इंजिनियर होता. यंत्राने धोक्याची उष्णता नोंदवली की सगळ्यांच्या मोबाइलवर इशारा जाणार आणि शाळांना आपोआप सुट्टी मिळणार, असं धोरण होतं. धोरण खरंच चांगलं होतं. फक्त गच्चीवर माकडांनी यंत्राची वायर तोडली, आणि मोठ्या साहेबांनी ते सुरक्षिततेसाठी आपल्या एसी केबिनमध्ये आणवलं.

त्या दिवसापासून लखनौचं महाबळेश्वर झालं.

अभिजितची बायको सुचित्रा अलीगंजमधल्या एका शाळेत शिकवायची. तिचा वर्ग पत्र्याच्या शेडमध्ये भरे. एका दुपारी गणित सोडवता सोडवता एक मुलगी फळ्यापाशीच कोसळली. तिला शुद्धीवर आणून सुचित्रा तडक मुख्याध्यापक मिश्राजींकडे गेली आणि सुट्टी मागितली. त्यांनी कपाळावरचा घाम पुसत मोबाइल दाखवला.

"कैसे दें, मॅडम? ॲप में तो मौसम सुहाना है."

संध्याकाळी ती नवऱ्यावर उखडली. "तुमच्या साहेबांना गार वाटतं म्हणून सगळ्या शहराने स्वेटर घालायचे का?"

"जागा बदलायला समितीची मंजुरी लागते गं. बैठक जुलैत आहे."

"पावसाळ्यात?"

"आत्ता सगळे सदस्य मसुरीला आहेत ना."

दुसऱ्या दिवशी साहेब जेवायला घरी गेलेले पाहून सुचित्रा सरळ केबिनमध्ये शिरली आणि यंत्र पिशवीत घालू लागली. दारात अभिजित उभा राहिला. नोकरी, बढती, चौकशी, सगळं त्याच्या चेहऱ्यावरून सरकून गेलं. मग तो म्हणाला, "थांब, अशी वायर ओढू नकोस. आणि जाळी लागेल, नाहीतर माकडं पुन्हा तोडतील."

दोघं स्कूटरवरून बाजारात गेली, जाळी घेतली आणि शाळेच्या शेडच्या पडवीत यंत्र नीट बसवलं. थोड्याच वेळात शहरभरचे मोबाइल किंचाळू लागले. शाळा सुटल्या. साहेब आधी भडकले. पण वर्तमानपत्रांनी कार्यालयाचं कौतुक केल्यावर ही कल्पना आपलीच असल्याचं त्यांना आठवलं.

नोंदी बघून समितीने, मसुरीहून परतल्यावर, पत्र्याच्या शाळांना ऊन परतवणारा पांढरा रंग दिला. सुचित्राच्या वर्गात आता दुपारीही मुलं जागी असायची. तिला मात्र पूर्वीपेक्षा जास्त ओरडावं लागायचं.

साहेब 'विज्ञान जनतेच्या दारी' यावर दिल्लीत भाषण देऊन आले. परवानगीशिवाय यंत्र हलवल्याबद्दल अभिजितकडे खुलासा मागण्यात आला.

तो खुलासा नवरा-बायकोने मिळून लिहिला, अतिशुद्ध सरकारी हिंदीत, आणि लिहिता लिहिता दोघं इतकी हसली की शेजारचे बघायला आले.