टॉवरची रिकामी फेरी

"भाभी, पेचकस आणला ना?"

हाजरा मेळ्याच्या फाटकातून आत आली न आली तोच प्रफुलनं विचारलं. कशा आहात नाही, बसा नाही. तिनं पिशवीतून हातभर लांबीचा पेचकस काढून दाखवला. त्याची लाकडी मूठ तिच्या नवऱ्याच्या, नईमच्या कानाचं तेल पिऊन पिऊन काळी पडली होती.

"आणला. हा घ्या."

"मले काऊन देता? तुम्हीच धरा ना."

तिनं धरला.

साडेपाच वाजले होते आणि चंद्रपूरचं ऊन अजून माणसांच्या खांद्यावरून उतरलं नव्हतं. मैदानावर टँकरनं पाणी मारलं होतं. ते सुकून मातीला पापुद्रे आले होते. आकाशपाळणा उभा, ब्रेक डान्सच्या डब्यांवरची ताडपत्री अजून तशीच, आणि या सगळ्यांच्या मधोमध नवा टॉवर. निळा. वर लाल टोपी. देवराव आणि संघप्रिया त्याच्याकडे तोंड करून असे उभे होते, जसे लोक स्टेशनवर गाडीची वाट पाहतात.

"सत्तर फूट नाई हाय हा," देवराव म्हणत होते. "पंचावन. मी मोजून राह्यलो. एक नळी पाच फुटाची, अकरा नळ्या."

"टोपी नाई धरली तुम्ही भाऊ," प्रफुल म्हणाला.

"टोपीवर बसतं का तू लेका?"

संघप्रिया हसली. मग हाजराला पाहून थांबली. हसण्याच्या मधेच अशी थांबली की हाजरालाच अवघडल्यासारखं झालं. हसू द्यायला काय हरकत होती.

*

पाळण्यांच्या वेड्यांचा फोनवरचा ग्रुप, नाव 'पोटात गोळा'. सदस्य एकेचाळीस, बल्लारपूरपासून गडचिरोलीपर्यंतचे. पण दर चैत्रात मेळ्याच्या पहिल्या दिवशी, फाटक उघडायच्या आधी येणारे चारच, हे तिघं आणि नईम. ग्रुपवरचं फेब्रुवारीतलं थोडं बोलणं:

प्रफुल: यंदा टॉवर येऊन राह्यला. सत्तर फूट. पक्की खबर.

देवराव: मागच्या वर्षी ड्रॅगन बी असाच मोठा सांगतला होता तूनं. लेकरायची गाडी निघाली.

प्रफुल: व्हिडिओ पाहा भाऊ. हैदराबादच्या पार्कात हाय तसाच. खुर्च्या वर जाते, थांबते, मंग सुटते.

संघप्रिया: थांबते किती वेळ? थांबण्यातच मजा असते.

प्रफुल: सात सेकंद.

संघप्रिया: मंग मी सुटी टाकते.

देवराव: नईमभाऊ नाई आता. ऐकन कोण?

यानंतर दोन दिवस कुणी काही लिहिलं नाही. एकेचाळीस माणसं. नंतर प्रफुलनं एकच शब्द टाकला: भाभी.

*

ऐकायचं म्हणजे काय, हे सांगावं लागेल.

नईम मोटारी बांधायचा. जळालेल्या पंपाची मोटार उघडायची, करपलेली तार काढायची, नवी तार गुंडाळून भरायची. जटपुऱ्याच्या आतल्या गल्लीत पुढे दुकान, मधे पडदा, मागे घर. बांधून झालेली मोटार चालू करून तो पेचकसाचं टोक तिच्या पोटाला लावायचा आणि मूठ स्वतःच्या कानामागच्या हाडाला. बाहेर दुनिया ओरडत असली तरी हाडातून आतलं सगळं ऐकू येतं. बेअरिंग खराब असेल तर दाताखाली खडा आल्यासारखं.

पाळण्यांचं वेड त्याला लहानपणापासून. मेळेवाल्यांच्या मोटारी हमखास जळायच्या, त्या तो बांधून द्यायचा, म्हणून त्याला कुंपणाच्या आत जाऊ देत. नव्या पाळण्याची पहिली फेरी खुर्च्यांत रेतीची पोती बांधून होते. ती फेरी नईम ऐकायचा. मग कुंपणाबाहेर येऊन दोनच शब्दांतला एक बोलायचा: बसा. नाहीतर, नका. कारण त्यानं कधी सांगितलं नाही आणि या तिघांनी कधी विचारलं नाही. अठरा वर्षांत तीनदा 'नका' झालं. त्या तिन्ही वर्षी ते तसेच परत गेले.

देवराव जिल्हा कचेरीतून शिपाई म्हणून निवृत्त झाले होते. प्रफुल कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर ठेकेदाराकडे होता, दिवसभर काळा आणि संध्याकाळी फोनवर जगातले पाळणे पाहणारा. संघप्रिया धानोऱ्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स. ती धानोऱ्याहून गडचिरोली आणि गडचिरोलीहून मूलमार्गे चंद्रपूर अशा दोन बसगाड्या बदलून यायची. वर्षातून एक दिवस, कुणाला तरी आपल्या दोन रात्रपाळ्या देऊन. घरी ती सांगायची, मीटिंग आहे.

हाजरा कधीच पाळण्यात बसली नव्हती. तिला त्यात काही कळायचं नाही. पण मोटार तिला कळायची. एकतीस वर्षं पडद्याआड राहून कुणालाही कळली असती. नईम कधीकधी तिलाच बोलवायचा, मूठ तिच्या कानाला लावायचा आणि विचारायचा, "बोल, कोणती बाजू?" ती सांगायची. बरोबर असायचं. तो म्हणायचा, तू दुकान घाल, मी भाकऱ्या करतो.

हे त्यानं या तिघांना सांगितलं होतं. म्हणूनच तो एक शब्द. भाभी.

*

पाळणेवाला ठेंगणा, मेंदी लावलेल्या दाढीचा होता. पेचकस पाहून त्याला आधी हसू आलं, मग ओळख पटली.

"नईमभाई की घरवाली? आइए आपा, आइए. मेरे कोलंबस झूले की मोटर उन्होंने ही बांधी थी. आज तक चल रही है." त्यानं दुआ मागायला हात वर केले. "अल्लाह मग़फ़िरत करे."

"आमीन," हाजरा म्हणाली. हा शब्द नईम गेल्यापासूनच्या आठ महिन्यांत इतक्यांदा म्हणून झाला होता की आता तो आपोआप येत असे, शिंकेसारखा.

पोरांनी पोती बांधली. बारा खुर्च्या, बारा पोती, प्रत्येकाच्या पोटावर पट्टा. पाळणेवाल्यानं खटका दाबला.

ती मोटारीपाशी उकिडवी बसली. टोक लावलं. मूठ कानामागे.

गेली वर.

आवाज.

थांबली.

पोती आभाळात, सात सेकंद.

सुटली.

पुन्हा वर.

कुंपणाबाहेर तिघं. संघप्रियाचे हात पर्सच्या पट्ट्यावर आवळलेले. प्रफुल ओठ चावतोय. देवराव वर पाहत नव्हते, तिच्याकडेच पाहत होते.

आवाज चांगला होता.

नुसता चांगला नाही, एकसारखा. कुठे खडा नाही, कुठे घासणं नाही. पिठाच्या चाळणीतून मैदा पडत राहावा तसा. असा आवाज तिनं आयुष्यात फार कमी वेळा ऐकला होता. शेवटचा ऐकला तो ऑगस्टमधला. मंगळवारची दुपार. दुर्गापूरच्या कुणाच्या बोअरची मोटार नईमनं बांधून चाचणीला लावली होती. ती पडद्याआड भेंडी चिरत होती. मोटार चालू झाली आणि तिच्या मनात आलं, बरोबर बांधली. मग भेंडी संपली. मग तिनं चहा ठेवला. मोटार चालूच होती, एकसारखी, आणि ती चालू आहे म्हणजे तो तिथे आहे, काम करतोय, हे तिला विचारही न करता माहीत होतं. चाळीस मिनिटं तरी माहीत होतं. चहावर साय धरली तेव्हा ती कप घेऊन पुढे गेली. तो स्टुलावर भिंतीला डोकं टेकून बसला होता, पेचकस मांडीवर.

तिनं आधी मोटार बंद केली. मग त्याला हाक मारली.

तोवर मोटार तापली होती. तो नव्हता तापलेला.

"आपा?" पाळणेवाला म्हणाला. "कैसी है?"

ती उठली. गुडघे कटकन वाजले. टोकाला लागलेलं ग्रीस तिनं ओढणीला पुसलं आणि कुंपणाबाहेर आली. तिघंही एक पाऊल पुढे झाले. बसा म्हणायचं होतं. दोन अक्षरं. तोंड उघडलं तेव्हा तिला नक्की वाटत होतं की तेच म्हणणार.

"नका," ती म्हणाली.

*

पाळणेवाला चिडला. चिडणारच.

"क्या खराबी है, बताओ तो! नया माल है. काग़ज़ है मेरे पास, जांच हुई है."

"तुम्ही चालवा ना. तुम्हाले कोण अडवते?" देवराव म्हणाले. "आमी नाई बसत, एवढंच हाय."

"अरे पर क्यों?"

"आमचं असंच हाय."

सहा वाजता फाटक उघडलं आणि अर्ध्या तासात मैदान भरलं. टॉवरपुढे रांग लागली. पहिल्या फेरीत बारा माणसं बसली, वर गेली, ओरडली, खाली आली. केस सारखे करत, एकमेकांना ढकलत उतरली. दुसरी फेरी. तिसरी. एका नवरीनं हिरवा चुडा भरलेल्या हातांनी दांडा असा धरला होता की उतरताना तो तिला सोडवेना. सासूनं एकेक बोट सोडवलं, दोघी हसत होत्या. काहीही झालं नाही. काही होणारही नव्हतं, हे फक्त हाजराला माहीत होतं.

चौघं समोरच मातीवर बसले. संघप्रियानं डब्यातून पोहे काढले. धानोऱ्याहून आणलेले, घट्ट झालेले.

"खा वं भाभी."

"खाते."

"ब्रेक डान्समध्ये तरी बसू," प्रफुल म्हणाला, पण उठला नाही. "मागच्या वर्षीचाच हाय म्हणा तो."

"तुले कोनं अडवलं? जा," देवराव म्हणाले.

"एकटा बसून काय करू? कोणाच्या अंगावर आपटू?"

"माया अंगावर नको आपटू बाप्पा. मागच्या वर्षीची बरगडी अजून बोलून राह्यली."

ते बोलत होते, पण तोंड टॉवरकडे होतं. प्रफुलनं फोन काढला, 'पोटात गोळा' उघडलं, बोट थांबलं. मग त्यानं लिहिलं: टॉवर. नका. हाजराभाभी. तिच्यादेखतच लिहिलं, लपवलं नाही. अंगठे यायला लागले. एक, चार, नऊ. कुणी कारण विचारलं नाही. बल्लारपूरहून कुणीतरी लिहिलं, बरं झालं सांगितलं, आम्ही उद्या निघणार होतो.

हाजराला आपल्याला काहीतरी वाटायला हवं असं वाटलं. लाज, निदान. तिनं वाट पाहिली. पोह्यातला शेंगदाणा चावला. काही आलं नाही.

मेळा आठ दिवसांनी उठणार होता. संघप्रियाला पुन्हा सुटी मिळणार नव्हती, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं आणि सगळ्यांना माहीत होतं. पोरीची नजर खुर्च्यांबरोबर वर जायची आणि तिथेच राहायची, खुर्च्या खाली आल्या तरी.

"बसायचं असन त बसा," हाजरा म्हणाली. "माझ्या म्हणण्याचं काय एवढं."

मग देवराव म्हणाले, "ज्या वर्षी नईमभाऊ नाई म्हणे, त्या वर्षी बी पाळणा रातभर चाले. लोक बसतच. आपण बसलो होतो का?"

"पण ते तुमचे नईमभाऊ होते," हाजरा म्हणाली.

"हाव. आन तुम्ही, तुम्ही आहा. झालं."

प्रफुल भजी आणायला गेला, देवराव पाणी आणायला. संघप्रिया थोडी जवळ सरकली. दवाखान्यातल्या आवाजात, म्हणजे शेजारच्या खाटेला ऐकू जाऊ नये अशा आवाजात, तिनं विचारलं, "काय ऐकू आलं वं भाभी?"

हाजरानं टॉवरकडे पाहिलं. आता दिवे लागले होते, निळे-पिवळे, वर चढत जाणारे.

"आवाज चांगला होता," ती म्हणाली. "एकदम चांगला. त्या दिवशीसारखा."

त्या दिवसाचं संघप्रियाला ठाऊक होतं. मयतीच्या दिवशी मोटारीचं हाजरानं तिलाच सांगितलं होतं, तिनं हाजराची नाडी धरलेली असताना. तिनं डब्याचं झाकण लावलं. नीट बसलं नाही, काढून पुन्हा लावलं.

"असू दे," ती म्हणाली. "या दोघायले नका सांगू."

प्रफुल भजी घेऊन आला, देवराव पाण्याची बाटली. चौघांनी भजी खाल्ली. संघप्रियाची शेवटची बस सव्वासातची होती. अजून एक फेरी पाहता येणार होती.

खुर्च्या वर गेल्या. थांबल्या. खालची रांगसुद्धा गप्प झाली. हाजरानं वर पाहिलं नाही. समोर मातीवर सरळ केलेले पाय होते. प्रफुलचे कोळशाचे बूट, संघप्रियाच्या पट्ट्याच्या चपला, देवरावांच्या झिजलेल्या टाचा. कुणाचा पाय हलत नव्हता. सात सेकंद. मग वरून किंकाळी सुटली आणि खाली तिघांच्याही पायांची बोटं एकदम आवळली, माती धरायला निघाल्यासारखी. प्रफुलच्या बुटाचं टोक वाकलं. संघप्रियाचा अंगठा पांढरा पडला. देवरावांची चप्पल पायातून निसटून हातभर पुढे जाऊन उलटी पडली. त्यांना ते कळलं नाही, ते वर पाहत होते.

हाजरानं हात लांब करून चप्पल सुलटी केली, माती झटकली आणि त्यांच्या पायाशी आणून ठेवली.