ओळीखालची पट्टी

मी एक जुनी लाकडी पट्टी आहे, मित्रांनो. खिडकी करून उरलेल्या तुकड्याला रंधा मारून एका सुताराने मला घडवलं. माझी उमेदीची वर्षं नकाशे काढणाऱ्या आजोबांच्या टेबलावर गेली. इतकी सरळ तर माणसंही नसतात, असं ते कौतुकाने म्हणायचे. ते गेले आणि मी कपाटामागे पडले. आकडे पुसट झाले, अंगावर कोळ्याने जाळं विणलं.

एके दिवशी त्यांच्या लेकीने मला बाहेर काढलं. तिची भाची टिल्ली वाचताना ओळी गाळायची. वाचन सुधारलं नाही तर तिला लहान मुलांच्या गटात बसवू, असं शाळेतल्या बाईंनी बजावलं होतं. म्हणून आत्या रोज संध्याकाळी तिला जवळ घेई आणि मला ओळीखाली सरकवत वाचायला लावी.

थोड्याच दिवसांत टिल्ली घडाघडा वाचू लागली. तिची आई हरखली. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. मी पहिल्या ओळीखाली आणि हिचा आवाज तिसरीवर! डोळे तर पंख्याकडे. दुपारी ही आईकडून तीच गोष्ट पुन्हा पुन्हा का वाचून घेते, ते तेव्हा मला उमगलं.

आत्याही कच्च्या गुरूची चेली नव्हती. तिने मला उचलून पानाच्या मध्येच एका ओळीखाली ठेवलं. टिल्ली पुन्हा पहिल्या ओळीपासूनच म्हणू लागली.

"पाठ केलंस ना गं?"

"मग काय करू? मला छोट्यांत बसवतील."

"बरं झालं पाठ केलंस. शब्दांची नावं कळली, आता त्यांचे चेहरे ओळखू."

तेव्हापासून दोघी एका सुरात वाचू लागल्या. आत्याचा आवाज जरासा पुढे, टिल्लीचा मागे. तेच पान पुन्हा, मग टिल्ली एकटी.

पण माझा संशय काही फिटेना. नवं पुस्तक आलं, तेव्हा मी तिच्या डोळ्यांवर पाळतच ठेवली. हेही आधी ऐकलेलं असेल का? की चित्र बघून ठोकून देतेय?

इतक्यात टिल्ली एका शब्दावर अडखळली. आई शब्द सांगायला सरसावली, तसा आत्याने तिचा हात दाबला. टिल्लीने मला मागे ओढलं, अक्षरं जुळवली आणि सगळं वाक्य नव्याने वाचलं. पाठ केलेलं असं मागे वळून येत नाही.

मित्रांनो, घरात कुणी वाचायला शिकत असेल, तर त्याच्याजवळ बसा. ते अडखळलं, तर हसू नका, जरा थांबा. संशय घ्यायचाच असेल, तर कधीच न अडखळणाऱ्याचा घ्या.