सगळीकडे सारखं पाणी

शनिवारी दुपारी दोनला व्हर्ला डोस्तलने पाण्याचा टँकर ट्रॅकवर घातला तेव्हा दक्षिणेकडून कोरडा वारा सुटला होता आणि कुंपणापलीकडच्या मक्याने पानांच्या सुरळ्या केल्या होत्या. अशा वाऱ्यात माती वरून सुकते आणि आतून ओलीच राहते. सव्वीस वर्षं ती गाड्यांच्या शर्यतीचा हा मातीचा ट्रॅक तयार करत होती. एक फेरी मारायची, खाली उतरायचं, बुटाची टाच दाबून बघायची, मूठभर माती वळायची. गोळा वळला आणि बोटांना चिकटला नाही, की वाफसा आला.

तिसऱ्या फेरीला तिच्या बहिणीचा मुलगा क्लेटन कुंपणाशी येऊन उभा राहिला. आठवडाभर तो धान्याच्या कोठारांवर वेल्डिंग करायचा आणि शनिवारी सतरा नंबरची गाडी पळवायचा. आज हंगामाची शेवटची शर्यत. गुणांमध्ये तो पहिला होता, पण जनेल ओट्स फक्त एका गुणाने मागे होती. दोघांत जो पुढे येईल त्याचं हंगामाचं अजिंक्यपद.

"मावशी, बाहेरची कड जरा कोरडी ठेव ना," तो म्हणाला.

"का बरं?"

"जनेल पार भिंतीला घासून पळवते. तिकडे ओल राहिली की चाकांना पकड मिळते आणि तिला रान मोकळं. मला आतूनच जमतं, तुला माहितेय."

"म्हणजे तिचा रस्ता बंद करू?"

"बंद नको गं. थोडा आशीर्वाद दे."

"आशीर्वाद तुझी आई देते. मी पाणी देते, आणि ते सगळीकडे सारखं."

तिने गिअर टाकला आणि पाण्याचा फवारा त्याच्या बुटांवर उडवत निघून गेली.

संध्याकाळी गाड्या माती दाबायला हळूहळू ट्रॅकवर फिरल्या आणि चिखलाने माखून परत आल्या. "गाड्या कशाला आणल्या आपण? डुकरं आणायची होती," क्लेटन मोठ्याने म्हणाला. सगळे हसले. व्हर्लाने ऐकलं. तिच्या मनात तेव्हा तिसरं वळण होतं. तिथे मातीचा रंग तिला जरा जास्तच काळा दिसत होता.

तिची शंका खरी ठरली. दुसऱ्या प्राथमिक शर्यतीत तिसऱ्या वळणावर चर पडले, एका गाडीचं नाक त्यात रुतलं आणि गाडी दीड कोलांटी खाऊन उताणी पडली. चालक स्वतःच बाहेर आला, हात हलवून दाखवला.

रेडिओवर ट्रॅकचा मालक लॉयड गेर्डेस कडाडला, "काय करून ठेवलंयस तिकडे?"

"चूक माझीच आहे. तिथे पाण्याची एक फेरी जास्त पडली. वीस मिनिटं दे मला."

"लोक बोंबलतील, व्हर्ला."

"बोंबलू दे. पुढची गाडी उलटली आणि ते गप्प बसले, तर ती शांतता मला ऐकवणार नाही."

तिने रेडिओ ठेवला. उत्तराची वाटही बघितली नाही.

माती सपाट करणाऱ्या ग्रेडरच्या पात्याने तिने ओला थर खरवडून काढला, मधल्या मैदानातली सुकी माती ओढून आणली, रोलर फिरवला. स्टँडमधले लोक पाय आपटत होते, शिट्ट्या मारत होते. त्रेसष्ट वर्षांची बाई मध्येच उतरली, गुडघ्यावर बसली आणि दोन हजार माणसांसमोर तिने तळहात जमिनीवर टेकवून ठेवला. मग पुन्हा चढली आणि आणखी एक फेरी मारली. वीसची तेवीस मिनिटं झाली.

मोठी शर्यत तीस फेऱ्यांची होती. सातव्या फेरीला क्लेटन आणि जनेल बाकीच्यांना सोडून पुढे निघाले. तो आत, ती बाहेर, दोघांच्याही गाड्या आडव्या घसरत वळणं घेत होत्या आणि धूळ म्हणून नव्हती. आतल्या कडेला चाकांना पकड होती, बाहेरच्या कडेलाही. दर फेरीला पुढे कोण हे बदलत होतं. स्टँडमध्ये कोणी बसलेलं नव्हतं. उभ्या टँकरच्या केबिनमध्ये व्हर्लाचा पाय उगीचच ब्रेकवर दाबला जात होता. क्लेटनने जिंकावं असं तिला फार वाटत होतं, आणि तरी जनेल भिंतीलगत घुमत पुढे निघाली की तिच्या तोंडून "वा" निघत होतं.

जनेल अर्ध्या गाडीने जिंकली.

क्लेटन आला तेव्हा डोळ्यांभोवतीच्या दोन गोलांखेरीज त्याचा सगळा चेहरा मातकट होता. तो टँकरच्या पायरीवर बसला.

"आतली कड कशी होती?" तिने विचारलं.

"शेवटपर्यंत टिकली. हरलो तो मीच. तिसऱ्या वळणातून निघताना ॲक्सिलरेटरवरून पाय लवकर उचलला."

"घाबरलास?"

"नाही गं. ती बाजूने अशी आली, अशी आली, की क्षणभर बघतच राहिलो." तो हसला, मग त्याने नाक पुसलं. "अशी शर्यत मी पळालो नव्हतो कधी, मावशी."

व्हर्लाने त्याच्या मानेवर हात ठेवला. थोड्या वेळाने तो उठला. "चल. जनेल तुला शोधतेय. जिंकल्याच्या फोटोत ट्रॅक करणारी हवीच म्हणते."

"मी कशाला तिथे?"

"मीही तेच म्हटलं, पण तिने ऐकलं नाही."

तिने तोंड वाकडं केलं, पण उतरली. फोटोत ती जनेलच्या शेजारी, कानांवरची आवाजरोधक टोपणं काढायला विसरून, अगदी ताठ उभी आहे.